दाराशी भरून ठेवलेली पिशवी

कुवेतमधल्या फहाहीलची ती केस काही केल्या डोक्यातून जात नाही. खरं तर तिला केस म्हणायचाही मला अधिकार नाही. ना गुन्हा नोंद झाला, ना माझ्या अंगावर वर्दी होती. रत्नागिरी जिल्ह्यातून पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि मुलाकडे कुवेतला राहायला आलो. पण आपल्या लोकांत एकदा साहेब झालं की मरेपर्यंत साहेब.

एका दुपारी एक एसी मेकॅनिक दारात उभा राहिला. आमच्याच तालुक्यातला. त्याची बहीण त्याच आठवड्यात हॉस्पिटलात वारली होती. पाचवा महिना चालू होता.

"साहेब, भावोजींनीच गोळ्या दिल्यान तिला. पोर नको होतं त्यांना," तो म्हणाला. "बिल्डिंगचा हारिस, म्हणजे वॉचमन, सांगतो, रक्तानं भरलेली चादर कचऱ्यात होती. घर धुवून काढलान. चला माझ्यासंगती पोलिसांत."

मी त्याला बसवलं. परक्या मुलुखात अशी फिर्याद दिली की भावोजी आत आणि प्रेत शवागारात अडकणार, हे त्याला कळत नव्हतं. गावी आई मुलीचं तोंड बघायला खोळंबली होती. आधी चौकशी, मग फिर्याद, असं त्याला बजावलं आणि आम्ही भावोजींच्या घरी गेलो.

दार उघडताच फिनेलचा वास आला. फरशी लख्ख. पलंगावर नवी कोरी चादर. नोकरीत अशी फरशी पाहिली की मी पंचांना बोलावत असे. दाराशी एक भरलेली पिशवी होती. उघडली तर आत लग्नाचा दाखला, दोघांच्या बताक्याच्या, म्हणजे ओळखपत्राच्या प्रती, सोनोग्राफीचे रिपोर्ट आणि तिचे कपडे.

"कुठं पळायची तयारी होती?" मी दरडावलं.

नवरा तेल कंपनीच्या कंत्राटदाराकडे सुपरवायझर. खोटं बोलणाऱ्याचं उत्तर तयार असतं. हा प्रत्येक प्रश्न स्वतःशी पुटपुटून मग बोलायचा.

"हॉस्पिटलची पिशवी आहे, साहेब. दाखल करताना हे सगळे कागद मागतात, म्हणून तिनंच भरून ठेवली होती. आदल्या आठवड्यात तिचं पाणी गेलं. डॉक्टर म्हणाले, बाळ जगणार नाही, पण ठोके चालू आहेत. तोवर मोकळं करायचं तर डॉक्टरांच्या समितीची मंजुरी पाहिजे, दोघांची सही पाहिजे. थांबा म्हणाले. ताप आला तर या म्हणाले. मी रजा मागितली. दुरुस्तीचा शटडाऊन चालू होता, मिळाली नाही. प्लांटमध्ये मोबाइल नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो."

"मग फरशी कोणी धुतली?"

त्याला माहीत नव्हतं. मी शेजारणीला बोलावलं. ती रत्नागिरीच्या किनाऱ्यावरची, सगळे तिला भाभी म्हणत. ती आली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. तिला मी काहीच विचारलं नाही. ठाण्यातही मी हेच करी. माणसाला गप्प बसणं फार वेळ जमत नाही.

"मीच धुतली," ती एकदम रडायला लागली. "सकाळी थंडी वाजून ताप भरला तिला. मग रक्त जायला लागलं. मी म्हटलं, चल, टॅक्सी बोलावते. तर म्हणाली, भाभी, ह्यांना येऊ दे. सही ह्यांची लागते, नाहीतर परत पाठवतील. आणि एवढं रक्त बघून म्हणतील, हिनंच पाडलं. पोलीस घरी येतील. आधी हे सगळं पुसून टाक. मी पुसत बसले, साहेब. ती फोन लावत होती. शेवटी बोलेनाशी झाली, तेव्हा मी तिला घेऊन गेले."

भावोजींना धरून द्यायला आलेला मेकॅनिक त्यांच्याच पायाशी बसून रडत होता.

"मग धरायचं कोणाला, साहेब?" त्यानं विचारलं.

पुढे ओळखीच्या एका डॉक्टरांना मी हे सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ताप होता ना? रक्त जात होतं ना? मग सहीसाठी कोणी थांबलं नसतं. जीव वाचवायला कायदा आडवा येत नाही." हेच वाक्य हॉस्पिटलच्या पहिल्याच भेटीत तिला कोणी सांगितलं असतं, तर ती आज असती. हे मी तिच्या नवऱ्याला अजून सांगितलेलं नाही आणि सांगणारही नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात. इथं चोर कोणीच नव्हतं, तरी एक मरणारी बाई पुरावा पुसायला सांगत होती. सगळ्यांचे जबाब खरे निघाले. असा तपास माझ्या वाट्याला कधी आला नव्हता आणि परत येऊ नये. तिनं तयारी केली ती कायद्याची. तापाची तयारी कोणीच केली नव्हती.

आता ओळखीत कोणाला दिवस गेले की मी आगंतुकासारखा जातो. लोक हसतात, हसू देत. ताप आला, रक्त गेलं, तर नवऱ्याची वाट बघू नका, काही पुसू नका, तशाच निघा, असं बजावतो. परवाही एका पोरीला हे सांगितलं. तिनं चहा दिला, सगळं नीट ऐकून घेतलं, आणि मी उठलो तेव्हा हळूच विचारलं, "ते ठीक आहे काका, पण सही कोण करणार?"