एका कुलपाचा एक तास

सुताराने चाळीस वर्षं हिशेब केला तो असा: आधी दाराकडे पाहायचं, मग गिऱ्हाइकाच्या तोंडाकडे, आणि डोकं खाजवत एक आकडा सांगायचा. तो हमखास कमीच निघायचा. भिडस्त माणूस, दुसरं काय!

शेवटी मुलीने कंबर कसली. तास गुणिले दर, अधिक सामान, वर अवजारांच्या झिजेचा दहावा हिस्सा. हे सूत्र तिने त्याच्या मोबाइलमध्येच बसवून दिलं. "तुम्ही फक्त तास टाका, बाबा. आकडा तो सांगेल. मोबाइलला भीड नसते."

पहिलंच काम जुन्या ओळखीच्या शिक्षिकाबाईंकडे निघालं, दाराला कुलूप बसवायचं. एके काळी तो हे गप्पा मारता मारता तासाभरात उरकायचा. आता उजवा हात थरथरायचा, पटाशी खाचेबाहेर सरकायची. तीन तास लागले. आकडा पाहून बाईंनी चष्मा पुसला आणि मुकाट्याने पैसे दिले. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या थरथरीचे पैसे बाईंनी का भरावेत?

त्या दिवसापासून तो प्रत्येक कुलपाला एकच तास टाकू लागला. हाताचं घरी कुणाला सांगितलं नव्हतं. चहाचा कप दोन्ही हातांनी धरायचा आणि थंडीचं निमित्त सांगायचा.

मुलीने महिन्याची नोंद पाहिली आणि ती हरखलीच. "एका तासात एक कुलूप! या वयात! तरुण पोरं पाणी भरतील तुमच्यापुढे." त्याच भरात तिने एका नव्या इमारतीचं काम घेतलं. बारा दारं, बारा तास, दोन दिवसांत हातावेगळं. तो हो म्हणाला. नाही म्हणायला तोंड कुठे होतं?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती त्याला न्यायला आली, तेव्हा पाच दारांना कुलपं लागली होती. सहाव्या दाराची खाच वेडीवाकडी फाटली होती, आणि तो तिथेच उकिडवा बसून उजवा हात डाव्याने दाबत होता.

"खरे तास किती लागतात, बाबा?"

"तीन. कधी चार."

तिने मोबाइलमध्ये चार टाकले. आलेला आकडा तिने त्याला दाखवला नाही. डोळे पुसत ती फोन लावायला जिन्यात गेली. तिचा आवाज त्याला स्वच्छ ऐकू आला. "उरलेल्या दारांना दुसरा सुतार बघा. नाही, यापुढे बाबा काम घेणार नाहीत."

तो अवजारं पेटीत भरू लागला. पटाशी दोनदा हातातून निसटली. ती परत येऊन दाराशी उभी राहिली, त्याचं आवरून होईपर्यंत. तिने हात लावला नाही, आणि घड्याळही पाहिलं नाही.