मावशींचे डायटम

माझ्या मावससासूबाईंइतकं जुनं भांडण मनात धरून बसलेली बाई पृथ्वीतलावर दुसरी नसेल. इतर सासवा फार तर लग्नातल्या मानपानापर्यंत मागे जातात. आमच्या मावशी कोट्यवधी वर्षं मागे जाऊन डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळांनी स्पंज या समुद्रतळाच्या प्राण्यांवर केलेला अन्याय काढतात. उभी नोकरी बंगळुरातल्या प्रयोगशाळेत समुद्रतळाचा गाळ तपासण्यात गेली; निवृत्तीनंतर गाळ सुटला, पण स्पंजांचा कैवार सुटला नाही. स्पंजांचे सांगाडे सिलिकाचे, म्हणजे काचेच्याच जातीचे. त्यामुळे नव्या बुटांच्या खोक्यातली ‘खाऊ नका’ लिहिलेली सिलिकाची पुडी कुणी केरात टाकली, की मावशी कळवळतात. “हिच्यापायी स्पंजांना घर सोडावं लागलं, आणि तू फेकतोस?” इंदिरानगरच्या त्यांच्या घरात लाडवांचा डबा अशा पुड्यांनी भरलेला आहे. पाहुणे तो एकदाच उघडतात. ऑटोत बसल्यावरही “अण्णा, स्वल्प हळू, ही समोरची काच आहे ना...” अशी सुरुवात होते. ऑटोवाला “सरी अक्का”, म्हणजे ‘बरं ताई’, म्हणतो आणि वेग वाढवतो.

इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आरती आणि जेवण यांच्या मधलं भाषण दरवर्षी मावशींचं. “आरंभी समुद्रात सिलिकाची चंगळ होती,” असं त्या सुरू करत, आणि स्पंज जेमतेम सुखाने नांदू लागत तोच मसालेभाताचा वास येई आणि सेक्रेटरी पानं वाढल्याचं जाहीर करी. डायटम आमच्या मंडळात कधी अवतरलेच नाहीत. उरलेलं भाषण मावशी परतताना गाडीच्या खिडकीकडे तोंड करून स्वतःशीच पूर्ण करत. यंदा तर पुढच्या वर्षीपासून भाषणाऐवजी अंताक्षरी ठेवायचं ठरलं होतं. मावशी ठेवणीतली साडी नेसून आल्या.

आणि यंदा पाण्याचा टँकर आला नाही. तांदूळ धुवायलाही पाणी नव्हतं. सेक्रेटरी, नागपूरचा आयटीतला मुलगा, घाम पुसत म्हणाला, “मावशी, टँकर ट्रॅफिकमध्ये अडकलाय. तुम्ही प्लीज कंटिन्यू करा ना.”

मावशींनी पदर खोचला. “समजा, तुमच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर नवी बिऱ्हाडं आली. डोळ्यांना दिसणारही नाहीत एवढी, पण अगणित. टाकी तीच रिकामी करतात. हे डायटम. प्रत्येकाला राहायला काचेची डबी लागते.” मग जुन्या रहिवाशांनी काय केलं, तर रेडिओलॅरिया नावाच्या चिमुकल्या जीवांनी आपली कवचं हलकी करून घेतली, आणि जाडजूड सांगाड्यांचे स्पंज खोल पाण्यात उतरले, कारण तिथे सिलिका उरली होती. पाण्याचा विषय असल्याने हॉलमध्ये कुणी हलेना. एका आजोबांनी काळजीने विचारलं, “म्हणजे संपत आली का सिलिका?”

“नाही हो. डायटम मेले की बुडता बुडता विरघळतात, बरीचशी पाण्यालाच परत मिळते. तळाशी गाडली जाते तेवढी नद्या डोंगर झिजवून आणून देतात. तिथे टँकर लागत नाही.” मग आवाज एकदम मऊ झाला. “आणि आत्ता तुम्ही श्वास घेतलात ना, त्यातल्या प्राणवायूतही त्या डायटमांचा वाटा आहे. गुणी आहेत हो ती पोरं.” ज्यांना आम्ही त्यांचे वैरी समजत होतो, त्यांच्या कौतुकापर्यंत मावशींना इतक्या वर्षांत कुणी पोहोचूच दिलं नव्हतं.

तेवढ्यात बाहेर टँकरचा हॉर्न वाजला. कुणीही उठलं नाही. आधी टाळ्या झाल्या, चांगल्या लांबलचक, आणि सेक्रेटरीने तिथेच माइकवरून अंताक्षरी रद्द केली.

परतताना मावशी खिडकीशी गप्प बसल्या होत्या. सांगायचं काही उरलंच नव्हतं. ती शांतता मला सोसेना. मी विचारलं, “मावशी, ते खाली गेलेले स्पंज अजून आहेत का हो तिथे?”

“आहेत की,” त्या म्हणाल्या, आणि खिडकी सोडून माझ्याकडे वळून बसल्या.