मिस्त्रीबाबांच्या खुर्च्या

खुर्ची तयार झाली की मिस्त्रीबाबा घरातल्या सगळ्यात जाड माणसाला हाक मारत. आमच्याकडे हा मान काकूचा. "बसा जी काकू, अंग सोडून बसा. लाजू नका," म्हणत आणि स्वतः वाकून, कान लावून सांध्यांचा आवाज ऐकत. लाखनीत असा सुतार दुसरा नव्हता.

बिज्याच्या लाकडाच्या चार खुर्च्या त्यांनी आम्हाला करून दिल्या. दरवर्षी दिवाळीनंतर न बोलावता यायचे, खुर्च्या उलट्या करून सांधे ठोकायचे, चहा प्यायचे. कशाला त्रास घेता म्हटलं तर चिडायचे. "खुर्ची तुमची असन गुरुजी, पाय माहे आहेत."

मुलीला पाहायला नागपूरचे पाहुणे येणार ठरलं आणि मला अवदसा आठवली. भंडाऱ्याहून चार डिझायनर प्लास्टिकच्या खुर्च्या आणल्या. कॉफी रंगाच्या, पाठीला पानांची जाळी. जुन्या खुर्च्या घरामागच्या सांदवाडीत, परसातल्या अडगळीत ढकलल्या. कोणीतरी त्यांच्यावर गोवऱ्या रचल्या, तेही मी चालवून घेतलं.

नेमके पाहुण्यांच्याच दिवशी सकाळी मिस्त्रीबाबा हातोडी घेऊन दारात. "खुर्च्या कोठी गेल्या जी?"

"सिहोऱ्याच्या ताईनं नेल्या," मी धडधडीत खोटं बोललो.

"बरं झालं," म्हणून ते पाय धुवायला मागे गेले. गोवऱ्यांखालच्या खुर्च्या तिथंच होत्या. परतले आणि प्लास्टिकच्या खुर्चीवर टोकाशी बसून चहा पिऊ लागले.

तेवढ्यात सिहोऱ्याहून ताईच आली. पिशवी ठेवायच्या आत म्हणाली, "काहून रे, आपल्या खुर्च्या दिसून नाही राहिल्या?"

मिस्त्रीबाबा बशी खाली ठेवत म्हणाले, "माह्याकडे आहेत बाई. पाय ढिल्ले झाले होते, मीच नेल्या."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या धुऊन, ऑटोत घालून त्यांच्या घरी गेलो. माफीसाठी शब्द जुळवत होतो, तर त्यांनीच विचारलं, "पोरीचं जमलं काय जी?" जमलं, म्हणालो. "मंग झालं ना."

आठवड्याभरात खुर्च्या ठाकठीक होऊन आल्या, पण दुसऱ्याच्या हाती. पुढच्या दिवाळीनंतर मी वाट पाहिली. ते आले नाहीत. त्या उन्हाळ्यात गेलेच.

ताई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला त्या खुर्च्या दाखवून सांगते, "मिस्त्री असावा तं असा. न सांगता घेऊन गेला, नव्यासारख्या करून देल्ल्या." आणि मी शेजारी बसून मान हलवतो.