सुभाषरावांनी न केलेली सही

शनिवारी सकाळी इनेकेचा फोन आला तेव्हा मी कपडे वाळत घालत होते. इनेके म्हणजे आमच्या गावच्या फुटबॉल क्लबची अध्यक्ष, साठीची, मोठ्या आवाजाची बाई. त्या दिवशी मात्र तिचा आवाज इतका खाली होता की मला दोनदा 'काय?' म्हणावं लागलं. ती म्हणाली, सुभाष आता इथे नाही. डच माणसं मृत्यूची बातमी अशीच सांगतात. मी या देशात वीस वर्षं दुभाषी म्हणून काम करते. कोर्टात, दवाखान्यात, नगरपालिकेत लोकांची बोलणी इकडून तिकडे नेते. हा वाक्प्रचार मी स्वतः कितीतरी माणसांना हळू आवाजात समजावून सांगितलेला आहे. तरीही त्या क्षणी माझ्या मनात आलं, गेले! गेले एकदाचे मिरजेला! आणि मी आनंदाने विचारलं, "कधीचं विमान होतं?" मग तिने सगळं नीट सांगितलं. क्लबच्या ऑफिसात खुर्चीवर बसल्या बसल्या गेले होते. समोर संगणक चालू होता. हातातला कपड्यांचा चिमटा तोवर मी मोडला होता.

सुभाषराव मगदूम माझ्या नवऱ्याचे, अविनाशचे सहकारी. नेदरलँड्समधल्या बेस्ट या गावात आम्ही राहायला आलो त्याच वर्षी ते, शैला आणि त्यांची लेक रेवा दोन गल्ल्या पलीकडे आले. पहिल्याच भेटीत त्यांनी मला 'वहिनी' केलं आणि शेवटपर्यंत तेच ठेवलं. उंच, थोडे वाकलेले, शर्टाच्या खिशाला कायम दोन पेनं. बोलण्यात मिरजेचा 'की' इतका मुरलेला की त्यांच्या इंग्रजीतही तो ऐकू यायचा. फुटबॉलशी त्यांचा संबंध एवढाच, की रेवा सात वर्षांची असताना तिला चेंडूमागे धावायचं होतं. इथल्या क्लबांची रीत अशी, की मूल खेळत असेल तर आईबापांनीही काहीतरी काम अंगावर घ्यायचं. सुभाषरावांना आधी कँटीनमध्ये बटाट्याच्या काड्या तळायला उभं केलं. दोन वर्षांनी कुणीतरी म्हणालं, हा भारतीय आहे, याचं गणित पक्कं असणार. झाले खजिनदार! रेवाने पुढे फुटबॉल सोडला, शिकायला एनस्खेडेला गेली, नोकरीला लागली, पण बाबा क्लबातच राहिले. शैला म्हणायची, "लष्कराच्या भाकऱ्या भाजायची हौस, दुसरं काय!" तिचं खरं होतं. पण मला वाटतं, त्या क्लबात त्यांना कुणी 'आमच्यातला' म्हणायचं, आणि ते त्यांना हवं होतं. ऑफिसात त्यांना कुणी तसं कधी म्हटलं नाही.

सुभाषरावांच्या अडकण्याची सुरुवात एका चांगल्या बातमीने झाली. गावातल्या, घरांची छपरं घालणाऱ्या एका उद्योजकाने क्लबात पैसा ओतायचं ठरवलं, आणि तेव्हाच्या अध्यक्षाला पहिला संघ वरच्या गटात न्यायचा झटका आला. खेळाडूंना पगार सुरू झाले. पगार आले की पगारावरचा कर आला. तो खेळाडूंच्या पगारातून कापायचा आणि सरकारात भरायचा. वर्षभर सगळं सुरळीत चाललं. मग छप्परवाल्याचा धंदा बसला, त्याचे हप्ते 'पुढच्या आठवड्यात नक्की' होऊ लागले, आणि एका तिमाहीचा कर भरायला क्लबकडे काही उरलं नाही.

आता मी ज्या दुपारबद्दल लिहिणार आहे तिच्याबद्दल मी आजवर फक्त अविनाशला सांगितलं आहे. सुभाषरावांचं डच कँटीनपुरतं होतं. सरकारी कागद आला की ते माझ्याकडे यायचे. त्या दुपारी लॅपटॉप घेऊन आले आणि म्हणाले, "वहिनी, हे काय लिहिलंय बघा की जरा." क्लबच्या हिशेबनिसाने एक फॉर्म पाठवला होता. कर भरता येत नसेल तर मुदत संपल्यापासून पंधरा दिवसांच्या आत तसं लेखी कळवायचं, असा इथे नियम आहे. त्याला एक लांबलचक डच शब्द आहे. त्यातल्या शेवटच्या भागाचा अर्थ ताकद नसणं. मी चहाचं आधण ठेवत होते. त्याच नादात सहज म्हणाले, "काही नाही हो, नादारीचा अर्ज आहे."

माझ्या वयाच्या वाचकांना तो शब्द आठवत असेल. फी माफ व्हावी म्हणून शाळेत द्यायचा तो नादारीचा अर्ज. मला तो गमतीचा वाटला होता, जुना, गोड, बऱ्याच वर्षांनी तोंडात आलेला. सुभाषरावांनी लॅपटॉप मिटला.

"ते नको, वहिनी."

"अहो, सही करून नुसतं कळवायचं आहे."

"पंधरा दिवसांत पैसे येतील की. झाकली मूठ सव्वा लाखाची. उगीच कशाला गावभर?"

मी वाद घातला नाही. फॉर्मच्या खाली आणखी एक परिच्छेद होता, तो मी वाचून दाखवला नाही. न कळवल्यास देणं पदाधिकाऱ्यांच्या अंगावर येऊ शकतं, असं त्यात होतं. माझी नजर त्यावरून गेली होती की नव्हती, हे मी स्वतःला इतक्यांदा विचारलं आहे की आता खरं उत्तर उरलेलंच नाही. आम्ही चहा प्यायलो, शैलाने मिरजेत बघितलेल्या फ्लॅटबद्दल बोललो. सुभाषरावांना निवृत्त व्हायला चार महिने होते.

पैसे आले नाहीत. पंधरा दिवस गेले, मग दुसरी तिमाही गेली, आणि क्लबने कोर्टाकडे घेणेकऱ्यांपासून संरक्षण मागितलं. कोर्टाने एक प्रशासक नेमली, तरुण वकीलबाई, सायकलवरून यायची. तिने पहिल्याच दिवशी सगळ्या मालमत्तेची यादी केली. तळणाच्या यंत्रावरसुद्धा नंबराची चिठ्ठी लागली. तिच्या सहीशिवाय एक चेंडू विकत घेता येईना. तिनेच सुभाषरावांना ती बातमी दिली. वेळेत कळवलं नाही, म्हणून कर खातं खजिनदाराकडून वसुली करू शकतं. जुन्या अध्यक्षाच्या नावावर काहीच नव्हतं. इनेके नंतर आलेली. नावावर घर असलेले एकटे सुभाषराव.

तोवर शैला अर्धं सामान घेऊन मिरजेला पोचली होती. चांगली भांडी, मिक्सर, देव, सगळं तिकडे. मागे घर विकून सुभाषराव महिन्याभरात येणार होते. त्यांच्या वकिलांनी सांगितलं, कर खात्याशी बोलणी चालू असताना घर विकून देश सोडलात तर पळून गेल्यासारखं दिसेल. राजीनामा दिला तरी जुनं देणं सुटणार नाही, आणि खजिन्याची सगळी माहिती त्यांच्याच डोक्यात. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं! महिन्याभराचं दीड वर्ष झालं. रिकाम्या घरात एक ताट, एक कढई आणि भिंतींवर फोटोंचे फिकट चौकोन. रोज दुपारी जेवताना शैलाचा व्हिडिओ कॉल यायचा. ती विचारायची, "सुटलात का?" हे म्हणायचे, "होतंय की." मी दोघांना जेवायला बोलवायचे, म्हणजे ते आणि त्यांच्या फोनमधली शैला. हसायचो आम्ही. नंतर नंतर ते जेवायला येईनासे झाले. मग मी डबा नेऊन द्यायचे, तर दारातच उभे राहून बोलायचे, आत बोलवायचे नाहीत. मला राग यायचा, आणि घरी येऊन मी तो अविनाशवर काढायचे.

कर खात्याशी बोलणी म्हणजे एक संथ छळ होता. प्रशासक एक आकडा पाठवायची, तिकडून सहा आठवड्यांनी सभ्य पत्र यायचं. बाकी घेणेकऱ्यांना जेवढा वाटा मिळेल त्याच्या दुप्पट वाटा कर खात्याला हवा होता. नियमच तसा आहे, त्यात कुणाचा दुष्टपणा नव्हता. मग प्रशासक बाकी घेणेकऱ्यांना आणखी थोडं सोडायला सांगायची, बिल थकलेला मैदानाचा गवत कापणारा रुसायचा, पुन्हा पत्र. क्लब मोडला तर गावातली तीनशे मुलं कुठे जाणार, हे इनेके प्रत्येक बैठकीत म्हणायची, आणि समोरचे अधिकारी प्रत्येक वेळी मान हलवून ते लिहून घ्यायचे. मी दुभाषी म्हणून जायचे, बिनपगारी, मैत्रीखातर.

शेवटच्या आधीच्या बैठकीत तो क्षण आला. सुभाषरावांच्या वैयक्तिक जबाबदारीचा विषय निघणार होता. आत जाण्यापूर्वी प्रशासकबाईने आम्हाला बाजूला घेतलं. ती म्हणाली, न कळवणं ही तुमची चूक नव्हती एवढं दाखवता आलं तर वाट आहे. तुमचं डच कच्चं आहे. फॉर्मचा अर्थ तुम्हाला समजला नाही, किंवा तुम्हाला चुकीचा सांगितला गेला, असं तुम्ही म्हणा. हे तिने मला मराठीत सांगायला लावलं. 'चुकीचा सांगितला गेला' हे शब्द माझ्याच तोंडून त्यांच्याकडे गेले… मी त्यांच्याकडे बघू शकले नाही. आत अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, तुम्ही वेळेत का कळवलं नाही? मी प्रश्न मराठीत केला. सुभाषरावांनी खिशातलं एक पेन काढलं, परत ठेवलं आणि म्हणाले, "मला शब्द नीट समजला होता. म्हणूनच सही केली नाही."

मी तेच डचमध्ये सांगितलं. दुभाषीने तेवढंच करायचं असतं.

परतीच्या वाटेवर गाडीत ते पहिल्यांदा बोलले. पाचवीपासून आठवीपर्यंत, दर जूनमध्ये मास्तर वर्गात नादारीची यादी वाचायचे. नाव आलं की उभं राहायचं, यादी संपेपर्यंत. यादी अर्ज आले त्या क्रमाने असायची आणि यांचं नाव वर यायचं, म्हणून उभं राहणं लांबायचं. नववीत वडिलांना सूतगिरणीत काम लागलं, आणि त्या जूनमध्ये नाव आलं नाही. "त्या दिवशी मी घरी पळत गेलो, वहिनी. पळत! आणि ठरवलं, आता पुन्हा नाही उभं राहायचं." मी रडायला लागले तर म्हणाले, "अहो, गाडी नीट चालवा की." त्या एका वाक्यात, अधिकाऱ्यासमोर म्हटलेल्या, त्यांचा अभिमान किती होता आणि मला वाचवणं किती होतं, हे मला अजून उमगलेलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही. वेळ आहे असं वाटत होतं.

मूर्ख माणूस! हे मी प्रेमाने लिहिते आहे. एक सही केली असती तर चार महिन्यांनी मिरजेच्या गच्चीत शेंगा सोलत बसला असता. फॉर्मवर लाज विचारलेली नव्हती, फक्त माहिती विचारलेली होती. इनेकेने तो फॉर्म पाच मिनिटांत भरून टाकला असता आणि कॉफी प्यायला गेली असती. इथल्या माणसांना 'जमत नाही' म्हणताना काही होत नाही. आपल्याला होतं. मलाही होतं, म्हणून तर मी त्या दुपारी अधिक बोलले नाही.

शैला आणि रेवा आल्या. इथे दहन झाल्यावर अस्थी महिनाभर दहनगृहातच ठेवायचा नियम आहे. खास परवानगी मागता येते, पण शैला थकली होती, म्हणाली, "राहू दे. आता काय घाई." महिन्याने ती अस्थी घेऊन गेली. जाताना घराची किल्ली आणि तिच्या वतीने पत्रव्यवहार करायचा अधिकार माझ्याकडे देऊन गेली. मधल्या काळात क्लबचं जमलं. कर खात्याने शेवटचा आकडा मान्य केला, आणि मुलं पुन्हा मैदानावर ओरडू लागली आहेत. इनेकेने मला खिडकीतून ते दाखवलं. सुभाषरावांच्या अंगावरचा भाग मात्र वेगळा होता, तो मिटलेला नव्हता. तो सुटेपर्यंत घर विकता येत नाही, आणि मिरजेच्या फ्लॅटचे हप्ते शैलाला एकटीला झेपणारे नाहीत.

गेल्या मंगळवारी त्या घरात टपाल बघायला गेले तर कर खात्याचं पत्र आलं होतं. वारसांना अखेरची संधी म्हणून विचारलं होतं, मुदतीत न कळवण्याचं काही कारण द्यायचं आहे का. मी ओट्यावरच कागद ठेवून लिहिलं. त्या फॉर्मचा अर्थ मी चुकीच्या शब्दात सांगितला, खालचा परिच्छेद वाचून दाखवला नाही, मी नोंदणीकृत दुभाषी आहे आणि ही चूक माझी आहे. हे खोटं नाही. पूर्ण खरंही नसेल. माझ्या धंद्यात असं पत्र आपल्या नावाने फाइलला लावून घेणं म्हणजे काय, ते मला कळतं. अविनाश फोनवर म्हणाला, विचार कर. मी सही केली आणि पत्र पेटीत टाकलं.

परत येऊन त्या स्वयंपाकघरात उभी राहिले. सिंकपाशी त्यांचं ताट पालथं घातलेलं होतं, धुतलेलं, चकचकीत. शैलाने ते नेलं नाही, मीही उचललेलं नाही. सुभाषराव असते तर या पत्रापायी महिनाभर माझ्याशी बोलले नसते. तेवढं करायला तरी ते हवे होते.