बटणाचं उत्तर

उद्यमबागेतल्या आमच्या ऑफिसात नवं सॉफ्टवेअर आधी सुवर्णाआक्का वापरून बघतात. लोकांना वापरायला सोप्या गेलेल्या सोयींचे नमुने त्यांनी गोळा केलेत आणि प्रत्येक नमुन्यावरून तपासणीचा एकेक प्रश्न बनवलाय. चुकलं तर मागं फिरता येतं का? बटण दाबल्यावर लगेच उत्तर मिळतं का? प्रत्येक प्रश्नापुढं त्याच्या नमुन्याचं चित्र असतं. उत्तर देत नसलेलं बटण सापडलं, की आक्का आम्हा प्रोग्रामरांवर उसळतात, "माणसानं भिंतीसंगट बोलायचं व्हय रं?"

आक्का वडगावात एकट्या राहतात. त्यांचा मुलगा आदर्श बेंगळूरला असतो. काल डबा खाताना त्यांनी त्याला मेसेज केला, 'गणपतीला कधी येतोस?' लगेच उत्तर आलं. नुसता उभा अंगठा.

"तुमच्या नियमात पास झाला की आक्का," मी हसत म्हटलं.

त्या हसल्या नाहीत. भाकरी तशीच ठेवून त्यांनी डब्याला झाकण लावलं.

आज तपासणीत एक नवा प्रश्न आलाय: उत्तर मिळालं, पण विचारलं त्याचंच मिळालं का?

त्याच्यापुढं नमुन्याची जागा मात्र आक्कांनी रिकामीच ठेवलीय.