घंटा थांबल्यावरचा वस्तरा

गावचे न्हावी फिदेन्सियो मास्तर यांच्याकडे दोन वस्तरे होते. काळ्या मुठीचा जिवंतांसाठी, हाडाच्या मुठीचा मृतांसाठी. दुसरा जांभळ्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या डब्यात ठेवलेला असे आणि गावात कुणी गेले की तेवढ्यापुरता बाहेर निघे. त्यामुळे आमच्या सान वेनान्सिओ गावातल्या पुरुषांना आपल्या शेवटच्या दाढीची चिंता नव्हती. चिंता असे ती पवित्र गुरुवारच्या दाढीची.

शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, प्रभू येशूच्या कलेवराच्या मूर्तीची पालखी निघते. तिला चाळीस खांदेकरी लागतात, आणि ते सगळे आदल्या दिवशी मास्तरांच्या खुर्चीत बसून जातात. गुरुवारी संध्याकाळच्या प्रार्थनेत चर्चच्या घंटा शेवटच्या वाजतात आणि शनिवारपर्यंत मुक्या होतात. त्या काळात लोकांना प्रार्थनेला बोलवायला कुणीतरी लाकडी खडखडा वाजवत फिरतो. घंटा थांबल्या की गावात पोलादाला हात लावायचा नाही. पाव हाताने मोडायचा, सुरी फळीवर ठेवायची, नखसुद्धा कापायचे नाही. ज्या लोखंडाने प्रभूला विंधले, ते त्या दोन दिवसांत आपल्या हातात नसावे, एवढाच त्यामागचा भाव.

माझे वडील एलिओदोरो हे उजव्या बाजूच्या पुढच्या दांड्याचे खांदेकरी. ही जागा आजोबांकडून त्यांच्याकडे आली होती. मास्तर त्यांचे बालमित्र, त्यांना 'लोलो' म्हणणारे. मास्तरांचे दुकान आमच्या फाटकासमोर, रस्त्याच्या पलीकडे. त्यामुळे एकेचाळीस वर्षांतला एकही शनिवार वडिलांनी चुकवला नव्हता.

मास्तर कामाला लागले की घाई नावाची गोष्ट दुकानाबाहेर उभी राही. चुलीवर पाणी तापे. सुक्या भोपळ्याच्या वाटीत साबण फेसाळे. खुर्चीच्या हाताला अडकवलेल्या चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा वीस वेळा फिरे आणि मग ओल्या अंगठ्याच्या नखावर त्याची धार पाहिली जाई. सुलट्या हाताला, म्हणजे केसांच्या दिशेने, ते गावभरच्या गोष्टी बोलत. उलट्या हाताला, केसांच्या विरुद्ध, एक अक्षर नाही. तरुणपणी ते हे काम किनाऱ्यावरच्या केळीच्या मळ्यांत, मजुरांच्या वसाहतीत शिकले होते. तिथून ते परतले तेव्हा त्यांच्याजवळ तो काळ्या मुठीचा वस्तरा आणि हिवताप एवढेच होते. लग्न त्यांनी केले नाही. "रोज चाळीस गाल कुरवाळतो, अजून कशाला पाहिजे?" असे ते विचारीत.

मी राजधानीत शिकलो आणि तिथेच एका विद्यालयात शिकवू लागलो. दाढी प्लास्टिकच्या, तीन पात्यांच्या रेझरने उभ्या उभ्या करू लागलो. गावी गेलो की मास्तर माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवीत.

"आबेल, हा गाल कुणी नांगरला रे?"

"वेळ नसतो, मास्तर."

"वेळ नसतो म्हणे. मग वाचवलेला वेळ कुठं ठेवलायस, दाखव की."

एका वर्षी जानेवारीत वडिलांच्या हृदयाचे ठोके चुकू लागले. मी त्यांना राजधानीतल्या डॉक्टरकडे नेले. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या सुरू झाल्या आणि डॉक्टरांनी बजावले की उघड्या पात्याची दाढी बंद. मी बॅटरीवरचे दाढीचे यंत्र विकत घेऊन दिले. परतीच्या बसमध्ये वडिलांनी माझ्याकडून वचन घेतले की गोळ्यांची गोष्ट गावात कुणालाही कळणार नाही, आणि घरी येताच ते यंत्र चादरींच्या खणात ठेवून शनिवारी मास्तरांकडे जाणे चालूच ठेवले. पालखी मंडळाचा नियम स्पष्ट होता: आजारी माणसाचे नाव यादीतून उतरते.

"फिदेन्सियो मास्तरांना तरी सांगा," मी म्हणालो.

"त्याच्या दुकानात भिंतीला सांगितलं तरी चौकात ऐकू येतं."

मी वचन पाळायचे ठरवले. त्याचा भार पुढे माझ्या वाट्याला आला.

पवित्र गुरुवारी दुपारभर वडील परसात ते यंत्र हातात घेऊन बसले होते. दोनदा सुरू केले, दोनदा बंद केले. तिकडे एकेक खांदेकरी गुळगुळीत होऊन दुकानातून बाहेर पडत होता. संध्याकाळी घंटा वाजू लागल्या तेव्हा ते एकदम उठले आणि रस्ता ओलांडून गेले. मी मागोमाग गेलो. मास्तर खुर्चीवर कापड झाकत होते.

"लोलो, लेका, आता? तुझ्यासाठी दुपारपासून पाणी तापवतोय मी. लग्नाला सुद्धा उशीर केलास, पण इतका नाही."

"वाजतायत अजून. कर पटकन."

"पटकन हवं असेल तर तुझ्या पोराकडं जा."

तरीही त्यांनी फेस लावला. डावा गाल झाला आणि घंटा थांबल्या. दुकानात अशी शांतता पसरली की चुलीतले लाकूड तडकलेले ऐकू आले. वस्तरा मास्तरांच्या हातात अधांतरी राहिला.

"थांबू?" त्यांनी विचारले.

"अर्ध्या दाढीनं प्रभूला खांदा देऊ?"

मास्तरांनी क्रुसाची खूण केली आणि उजवा गाल घेतला. जबड्याच्या खाली, उलट्या हाताला, पाते जरासे रुतले. तांदळाएवढी जखम. मास्तरांनी तुरटी दाबली. मग पुन्हा दाबली. मग कॉफीची पूड, मग सिगारेटचा कागद. रक्त घाईत नव्हते आणि थांबतही नव्हते. वडिलांनी आरशातून माझ्याकडे पाहिले. सांगू नकोस, एवढेच त्या नजरेत होते, आणि मी तिचे ऐकले.

शुक्रवारी ते गळ्याला फडके बांधून पालखीखाली गेले. तिसऱ्या चौकात त्यांच्या खांदेकऱ्याच्या झग्याची पांढरी कॉलर लाल झाली. एक बाई ओरडली, पालखी थांबली, वडिलांना बाजूला घेतले गेले. कसे झाले, हे त्यांना विचारले गेले तेव्हा ते म्हणाले, "घंटा थांबल्यावर वस्तरा लागला." हे खोटे नव्हते. संध्याकाळपर्यंत गावाने त्यात उरलेले भरले: फिदेन्सियोने मुक्या घंटेचा मान राखला नाही, आणि प्रभूने ते रक्तात लिहून दाखवले.

ईस्टर झाल्यावर मास्तरांनी काळ्या मुठीचा वस्तरा पत्र्याच्या डब्यात, मृतांच्या वस्तऱ्याशेजारी ठेवून दिला. दुकान चालू राहिले. केस कापण्याचे काम होते, आणि दाढीसाठी त्यांनी प्लास्टिकचे रेझर आणले, एका गिऱ्हाइकाला एक. पण तेच रेझर किराणा दुकानातही मिळत होते. लोक घरीच दाढी करू लागले. वडिलांनी दुकानातली आणि घरची, दोन्ही दाढ्या सोडल्या. ते फाटकात बसून राहत आणि गालांवर पांढरी दाढी वाढत जाई. शनिवारी ते टोपी घालत आणि थोड्या वेळाने काढून ठेवत. हे सगळे आईने मला फोनवर सांगितले.

मृतांच्या स्मरणाच्या दिवसासाठी नोव्हेंबरमध्ये मी गावी गेलो आणि पहिल्याच दुपारी, वडिलांना न विचारता, मास्तरांकडे गेलो. गोळ्यांचे सगळे सांगितले. रक्त थांबणे शक्यच नव्हते, त्यात घंटेचा संबंध नव्हता, तुम्ही वस्तरा पुन्हा काढा, असे म्हणालो. मला वाटले होते की एका माणसाच्या छातीवरचा दगड उतरवायला मी आलो आहे.

मास्तरांनी पट्ट्यावरून रिकामी बोटे फिरवली.

"रक्त थांबलं नाही ते गोळ्यांमुळं. बरं. आणि निघालं कशामुळं?"

त्यांनी उजवा हात पुढे केला. आधी तो स्थिर होता. मग करंगळीपासून एक बारीक थरथर सुरू झाली आणि मनगटापर्यंत चढली.

"दोन वर्षं झाली. सुलट्या हाताला कळत नाही. उलट्याला दम धरून करायचो. गाव म्हणालं, देवाचा कोप झाला. मी म्हटलं, होऊ दे. देवानं हात धरला म्हटलं की माणूस पापी ठरतो. हात कापतो म्हटलं की नुसता म्हातारा ठरतो."

"वडिलांना ठाऊक आहे हे?"

"त्यानं विचारलं नाही. मी सांगितलं नाही. त्यालाही गोळ्यांचं सांगावंसं वाटलं नाही." ते किंचित हसले. "एकेचाळीस वर्षं ह्याचा गळा माझ्या हातात होता, पोरा. त्या गळ्यानं मला एवढं सांगायला नको होतं?"

मी जायला उठलो तेव्हा ते म्हणाले, "बापाला सांग, शनिवारी ये म्हणावं. पाणी तापवून ठेवतो. वस्तरा नाही काढणार, प्लास्टिकचाच असेल. पण साबण माझा आणि फेस माझा. फक्त गोळ्यांचं त्यानं त्याच्या तोंडानं सांगायचं. मग मीही माझं सांगेन."

मी निरोप जसाच्या तसा दिला. थरथरीचे तेवढे बोललो नाही, ते सांगणे माझे काम नव्हते. वडिलांनी दाढी कुरवाळली.

"तू सांगितलंस त्याला."

"हो, बाबा."

"मग आता मी काय सांगू?"

शनिवारी सकाळी समोरच्या छपरातून धूर वर निघाला. पाणी तापत होते. वडिलांनी टोपी घातली, सदऱ्याचे वरचे बटण लावले आणि फाटकापर्यंत गेले. कडीवर हात ठेवून ते उभे राहिले. पलीकडे मास्तर दारात आले, हातात भोपळ्याची वाटी होती. दोघांच्या मध्ये एक रस्ता होता, आणि त्यावर त्या वेळी कुणीही नव्हते.

वडील मागे वळले. माझ्या शेजारून आत गेले. चादरींचा खण उघडल्याचा आवाज आला आणि मग त्या यंत्राची गुणगुण सुरू झाली. ती बराच वेळ चालली, कारण दाढी सात महिन्यांची होती.

मी फाटकाशी उभा होतो. मास्तरांनी वाटीतला फेस दारापुढच्या मातीवर ओतला आणि आत गेले. धूर मात्र दुपारपर्यंत निघत होता.