सोफ्याला सुट्टी

कुत्र्याचे केस आणि कुत्र्याचे किस्से, दोन्ही कितीही झाडा, घरात साठतातच! आमच्या नाहूरच्या सोसायटीत कुत्रेवाले आम्ही तीनच, पण किस्से अख्ख्या बिल्डिंगला पुरून उरतील. एक मी, माझा लॅब्रेडोर बंडू. दुसरी चौथ्या मजल्यावरची निशा सोनावणे, शाळेत शिकवते, तिची ब्राउनी. तिसरे माझ्या समोरच्या फ्लॅटमधले परबकाका आणि त्यांची राणी. राणी काकांना भाजी मार्केटात कोबीच्या गोणीमागे सापडली. एक कान उभा, एक आडवा.

संध्याकाळी मागच्या गल्लीत आम्ही तिघं कुत्री फिरवतो आणि तिघांचं रडगाणं एकच. मेले फर्निचरवर चढतात! शेवटी निशाने व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला आणि नाव ठेवलं 'खाली उतर'. दिवसभर आम्ही दुसरं बोलतो तरी काय?

*

माझंच सांगते. आठवड्यातून दोन दिवस मी घरून काम करते. एकदा ऑनलाइन मीटिंगमध्ये साहेब स्लाइड दाखवत होते आणि इकडे बंडू चिखलाच्या पायांनी दिवाणावर चढला. नवी चादर होती हो!

माझं डोकंच फिरलं. "खाली उतर! कितीदा सांगायचं? लाज नाही वाटत?"

माइक चालू होता. वीस माणसांनी ऐकलं. साहेबांनी चष्मा काढला, पुसला आणि अगदी नम्रपणे म्हणाले, "मॅडम, दोनच स्लाइड राहिल्यात."

*

निशा शिक्षिका, त्यामुळे तिचं सगळं पद्धतशीर. तिने कुठेतरी वाचलं की सोफ्यावर अ‍ॅल्युमिनियम फॉइल पसरलं की त्या आवाजाला कुत्रं घाबरतं. झालं! अख्खा सोफा चकाचक.

दुसऱ्या दिवशी पाहते तर ब्राउनी फॉइलच्या बरोब्बर मधोमध, शेपटी हलवत बसलेली. निशा रोज सकाळी स्वतःच्या पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळते आणि शेवटची पोळी ब्राउनीची असते. एवढं मोठं फॉइल बघून बिचारीला वाटलं, आज जेवणावळ आहे!

*

आमची ही सगळी गंमत होती. परबकाकांची मात्र खरी वाट लागली होती.

त्यांचा सोफा म्हणजे परबकाकूंचा सोफा. मी काकूंना अजिबात नावं ठेवणार नाही. तीस वर्षं विक्रोळीच्या चाळीत एका खोलीत काढली त्यांनी. कॉटवर सासरे, खुर्चीवर दीर आणि काकू कायम जमिनीवर. बसायच्या जमिनीवर, झोपायच्याही जमिनीवर. इथे आल्यावर स्वतः डबे करून त्यांनी पहिली वस्तू घेतली ती हा क्रीम रंगाचा सोफा. त्यावर बसायच्या आधी त्या पाय धुतात!

काकांनी राणीला घरी आणलं तेव्हा काकूंनी दारातच सांगितलं, "राहू दे. पण ज्या दिवशी सोफ्यावर हिचा एक केस दिसेल, त्या दिवशी ही जिथून आली तिथे जाईल."

आणि काकू बोलल्या की करतात, हे काकांना चाळीस वर्षं माहीत होतं.

*

मग काकांनी ट्रेनिंग सुरू केलं, अर्थात काकूंच्या अपरोक्ष. राणी वर चढली की काका म्हणायचे, "खाली!" उतरली की एक ग्लुकोज बिस्किट. राणी भारी हुशार. आठवड्याभरात तिने हिशेब लावला की बिस्किट हवं तर आधी वर चढायला लागतं! दिवसाला वीस वेळा चढायची आणि वीस वेळा आज्ञाधारकपणे उतरायची. काका वीस वेळा सोफा झटकायचे.

काकूंना बिस्किटांचा डबा रिकामा दिसला. त्यांनी काकांना पकडलं. "शुगर आहे ना तुम्हाला? बिस्किटं कोणी खाल्ली?"

आता राणीचं नाव घ्यावं, तर कशाबद्दल दिली तेही सांगावं लागणार. काकांनी मान खाली घातली. "मीच खाल्लंय गो."

पुढे पंधरा दिवस रोज सकाळी काकांना पेलाभर कारल्याचा रस. राणी समोर बसून बघायची. आम्ही विचारलं, "काका, कसा लागतो?" तर म्हणाले, "राणी घरात हा ना? मगे गोड लागता!"

*

गणपतीत मी आणि परब, दोघंही गावाला जाणारे. निशा मुंबईतच असते. "आमची दिवाळी चौदा एप्रिलला!" असं ती म्हणते. तेव्हा ती जालन्याला जाते आणि ब्राउनी माझ्याकडे येते. त्यामुळे गणपतीत तिन्ही कुत्री निशाकडे, हा ठरलेला करार.

गावाहून काकांचे दिवसातून पाच फोन. "राणी वर चढाक नाय ना?"

"नाही हो काका, जमिनीवरच आहे," निशा सांगायची आणि मांडीवरची राणी सरळ करायची. तिघी सोफ्यावर, चौथा बंडू सोफ्याच्या हातावर!

एकदा काकांनी रेंजसाठी फणसाच्या झाडाखालून व्हिडिओ कॉल लावला. निशा धाडकन सोफ्यावरून खाली. मागोमाग तिन्ही कुत्रीही खाली. सगळी वर्गफोटोसारखी ओळीने. काका इतके खूश झाले की तिकडे काकूंना बोलावून दाखवलं. निशा मला नंतर म्हणाली, "यार, मला इतकं वाईट वाटलं ना, शाळेत कॉपी पकडते मी!"

*

वाईट वाटून काय उपयोग? राणी परत आली ती पुरती बिघडून. आता बिस्किटाचंही नाव नाही. माणूस सोफ्यावर बसला की राणी वर, त्याला चिकटून. निशाच्या घरचा नियमच तो!

आणि नेमक्या त्याच आठवड्यात काकू मुलीच्या बाळंतपणाला बंगळुरूला निघाल्या. चांगले चार महिने. जाताना त्या स्वतः 'खाली उतर' ग्रुपमध्ये शिरल्या. "लक्ष ठेवायला," म्हणाल्या. रोज पाच वाजता त्यांचा एकच मेसेज यायचा, "फोटो?" काका लगेच सोफ्याचा फोटो टाकायचे. सोफा रिकामा, एक सुरकुती नाही. काकूंचा अंगठा यायचा.

निशा आणि मी चाटच पडलो. माझा बंडू सहा वर्षांत शिकला नाही, ते राणी चार दिवसांत शिकली? मी काकांना म्हटलं, "ट्रिक सांगा ना." ते नुसते हसले.

एकदा त्यांच्याकडे खिरापत द्यायला गेले. सोफ्यावर दोन खुर्च्या उलट्या घालून ठेवलेल्या, फोटोपुरत्या उतरवत असावेत. काकांनी चटई पुढे केली. "हय बस. सोफ्याक सुट्टी आसा."

मी बसले. राणीही बसली. काका गुडघा धरून, भिंतीचा आधार घेत, हळूहळू बसले. मला वाटलं, एकटा माणूस, असेल काहीतरी लहर. मी मूर्ख, दुसरं काय!

*

जानेवारीत काकू न सांगता दोन दिवस आधीच आल्या. दुपारी खालून मला फोन आला, "उज्ज्वला, हे फोन उचलत नाहीत गं. किल्ली घेऊन बाहेर ये." त्यांची एक किल्ली माझ्याकडे असते. मी लॅच उघडलं आणि आम्ही दोघी दारातच उभ्या राहिलो.

सोफ्यावर त्याच दोन उलट्या खुर्च्या, बाकी सोफा कोरा करकरीत. त्याच्यासमोर जमिनीवर, चटईवर, काका झोपलेले. गुडघ्याला नी-कॅप, उशाला घडी केलेली चादर. त्यांच्या पाठीला पाठ लावून राणी.

काकूंनी बॅग ठेवली. आधी सोफ्यापाशी गेल्या, खुर्च्या उतरवल्या आणि सगळ्या सोफ्यावरून तळहात फिरवला. हात उजेडात धरून पाहिला. एक केस नाही.

काका जागे झाले. धडपडत उठायला लागले, पण गुडघा उठू देईना.

"खाली का झोपलात?" काकूंनी विचारलं.

"मी वर बसलंय की ती वर चढता," काका म्हणाले. "म्हणान मीच बसाक नाय."

"कधीपासून?"

"तू गेलंस तेव्हापासून."

राणी उठली, काकूंच्या पायाशी गेली, बॅग हुंगली आणि एक कान उभा, एक आडवा करून बसली. काकूंनी पदर डोळ्यांना लावला आणि मग माझ्यावरच खेकसल्या, "बघतेस काय? हात दे त्यांना!"

आम्ही दोघींनी काकांना उठवलं.

"जमिनीवर बसून काढली तेवढी वर्षं पुरे झाली आपली," काकू म्हणाल्या. "बसा वर."

"अगो, पण राणी..."

"बसा म्हणते ना!"

काका सोफ्याच्या टोकावर, नवऱ्या मुलासारखे, अवघडून बसले. राणी काकूंच्या तोंडाकडे बघत राहिली. मी हळूच दार ओढून घेतलं.

पाच वाजले. ग्रुपवर फोटो आला नाही. सव्वापाच झाले. निशाचा मला फोन, "काय झालं गं? राणीला काढलं का?" मीही फोनकडेच डोळे लावून बसले होते.

साडेपाचला दोघींचे फोन एकदमच वाजले. ना फोटो, ना मेसेज. परबकाकूंनी ग्रुपचं नाव बदललं होतं.

'सरकून बस'.